नव्याने घेतलेल्या जुन्या स्पोर्ट्स कारमध्ये पेट्रोलचा वास: पाना उचलण्याआधी आणि नंतर

जुनी स्पोर्ट्स कार घरी येते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी सकाळी पोर्चमध्ये पेट्रोलचा वास जाणवतो आणि मालक गाडी घेऊन थेट वॉशिंग सेंटर गाठतो, इंजिन प्रेशरने धुऊन घेतो. दोन दिवस बरे जातात, वास परत येतो. मग मिस्त्री इंजेक्टरच्या (इंजिनात पेट्रोल फवारणाऱ्या भागाच्या) रिंगा बदलतो. मग फिल्टर, मग पंप. बिल वाढत जातं आणि वास जिथल्या तिथे राहतो. ओळखीच्या लोकांच्या गाड्यांबाबत हा क्रम मी इतक्यांदा पाहिला आहे की आता सगळं एकदा नीट लिहून काढतो आहे.

माझ्या स्वतःच्या गाडीचंही असंच झालं. दोन आसनी कूपे, बाहेरच्या शहरातून आणलेली. इंजेक्टरच्या रिंगा दोनदा बदलून झाल्या. दोष निघाला सीटमागे, टाकीवरच्या पंपाच्या झाकणाखाली. आधी कुणीतरी पंप बदलताना जुनीच रबर रिंग पुन्हा बसवली होती आणि ती एका बाजूला चिमटली होती. गाडी विकायला उभी होती तेव्हा टाकीत जेमतेम पाच-सात लिटर पेट्रोल होतं, म्हणून घेताना वास आलाच नाही. मी टाकी फुल केली आणि तो सुरू झाला. 'फुल टाकीनंतरच येतो' एवढं एक वाक्य मी पहिल्याच दिवशी कागदावर लिहिलं असतं, तर इंजिनाला हात लावायची गरज नव्हती.

वास कुठून येतो हे शोधायचं असेल तर आधी तो कधी येतो हे नक्की करा. खालचे सगळे टप्पे त्यासाठीच या क्रमाने लावले आहेत.

## सगळ्यात आधी: गाडी सुरू करायची की नाही

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत पसरते आणि खोलगट जागी साचते: बेसमेंटमध्ये, गॅरेजच्या खड्ड्यात, गाडीच्या आत पायाशी. हवेत साधारण दीड टक्का वाफ मिसळली की एक ठिणगी पुरते. पेट्रोल शून्याखालच्या चाळीस अंशांतही पेटण्याइतकी वाफ सोडतं. आपल्याकडे नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, तेव्हा काय होत असेल याचा अंदाज करा.

खालीलपैकी एक जरी गोष्ट दिसली तर किल्ली फिरवू नका:

- गाडीखाली थेंब, ओला डाग किंवा सतत ओलसर राहणारा पाइप.
- दार उघडताच डोळे चुरचुरणं, डोकं जड होणं.
- इंजिन बंद केल्यावरही बॉनेटखालून पेट्रोल टपकल्याचा किंवा उडाल्याचा आवाज.

अशा वेळी गाडी ढकलून उघड्यावर काढा. गॅरेजमधला दिवा लावू नका, लागलेला असेल तर बंदही करू नका, मोटरवरचं शटर चालवू नका. बटण दाबताना ठिणगी पडते. वर्कशॉपला न्यायचं तर फ्लॅटबेडवर, म्हणजे गाडी वर चढवून नेणाऱ्या ट्रकवर न्या. भरपूर पेट्रोल सांडलं असेल तर अंतर ठेवा आणि १०१ किंवा ११२ ला फोन करा.

सावधान: नागपुरातल्या घरांसाठी एक खास गोष्ट. पोर्चकडच्या खिडकीत कुलर लावलेला असेल तर तो बाहेरची हवा ओढून घरात फेकतो. पोर्चमध्ये साचलेली वाफ त्याच वाटेने झोपायच्या खोलीत जाते, आणि कुलरची मोटर व पंप विजेवर चालतात ते वेगळंच. वास सापडेपर्यंत गाडी त्या खिडकीपासून लांब उभी करा. अपार्टमेंटच्या बेसमेंटमध्ये तर ठेवूच नका. सोसायटीला सांगून वरच्या मोकळ्या जागेत लावा.

## टप्पा १: कागद आणि आधीचा मालक

हा टप्पा जवळजवळ सगळे गाळतात, कारण त्यात हात काळे होत नाहीत. पण गाडीचा इतिहास इथेच मिळतो.

सर्व्हिसची बिलं काढा आणि फक्त पेट्रोलशी संबंध असलेल्या ओळी बघा: पंप, फिल्टर, इंजेक्टर, टाकी, मागच्या बाजूचा अपघात, सायलेन्सर. ज्या जागेला शेवटचा हात लागला, तिथे संशय सर्वात जास्त. पेट्रोलचा सांधा एकदा उघडला आणि रिंग नवी टाकली नाही तर तो आज ना उद्या पाझरतोच.

मग विकणाऱ्याला फोन करा. भांडायला नको, विचारायला: "पंप कधी बदलला? सायलेन्सर कंपनीचाच आहे का? मॅप केली आहे का, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलली आहे का? किती दिवस उभी होती?" शेवटचा प्रश्न सर्वात कामाचा आहे. सहा-आठ महिने अर्धवट रिकाम्या टाकीने उभ्या असलेल्या गाडीतले रबर सुकून आक्रसलेले असतात.

तिसरं, १७ अक्षरी चेसिस नंबर घेऊन कंपनीच्या वेबसाइटवर किंवा अधिकृत वर्कशॉपमध्ये रिकॉल (दोष दुरुस्त करायला कंपनीने गाड्या परत बोलावणं) तपासा. पेट्रोलच्या पाइपसाठी रिकॉल निघालेले असतात आणि ते काम फुकट होतं, मालक दुसरा असला तरी.

गाडी २०२३ च्या आधीची असेल तर एक नोंद वेगळी करा. आता पंपावर मिळणाऱ्या साध्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. जुन्या गाड्यांतले काही रबर त्यासाठी बनलेले नसतात. ते फुगतात, मऊ पडतात, नंतर तडकतात. म्हणजे लगेच घाबरायचं असं नाही, पण दहा-पंधरा वर्षं जुना मूळ पाइप दिसला तर तो संशयितांच्या यादीत वर घ्या.

## टप्पा २: तीन दिवसांची वही

तीन दिवस काहीही उघडू नका, काहीही धुऊ नका. थेंब नाहीत आणि वास हलका आहे, हे वरच्या यादीवरून नक्की झालं असेल तरच हा टप्पा करा.

प्रत्येक वेळी वास आला की एवढं लिहा: वेळ, इंजिन थंड की गरम, बंद होऊन किती मिनिटं झाली, टाकीत किती पेट्रोल, गाडी कुठे उभी होती, खिडक्या उघड्या की बंद, ब्लोअर बाहेरची हवा घेत होता की आतलीच फिरवत होता. आणि वास कुणाला आला, हेही.

शेवटचं का? आपलं नाक काही मिनिटांत वासाला सरावतं आणि सांगणं बंद करतं. तुम्ही गाडीत बसून पाच मिनिटं हुंगत राहिलात तर निष्कर्ष चुकणारच. घरातल्या ज्या माणसाने त्या दिवशी गाडीत पाय ठेवलेला नाही त्याला बोलवा. "आई, जरा येऊन बघ, वास पुढे जास्त आहे की मागे?" एवढंच विचारा. तुमचा संशय आधी सांगू नका, नाहीतर उत्तर तिकडेच वळतं. माझ्या गाडीचा वास "सीटच्या मागून" येतो हे सर्वात आधी माझ्या आईने सांगितलं होतं आणि मी ते मनावर घेतलं नाही, याची मला आजही खंत आहे.

तीन दिवसांनी वही अशी वाचा:

रात्रभर उभी राहून सकाळी वास, इंजिन चालूच नव्हतं. पंप बंद, पाइपात फारसा दाब नाही. मग वाफ टाकीकडून येते: झाकण, भरायची नळी, टाकीवरच्या पंपाची रिंग, वाफेच्या बारीक नळ्या, कोळशाचा कॅनिस्टर (टाकीतली वाफ शोषून ठेवणारा डबा).

टाकी फुल केल्यावर एक-दोन दिवसच. गळती टाकीच्या वरच्या भागात आहे. पेट्रोल तिथपर्यंत पोहोचतं तेव्हाच ती दिसते. पेट्रोल अर्ध्यावर आलं की वास नाहीसा होतो आणि मालक समजतो की प्रश्न मिटला.

थंड असताना सुरू करताना, दोन-तीन मिनिटांत कमी. इंजिन थंड असताना जास्त पेट्रोल घेतंच आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर स्वच्छ करणारा भाग) तापलेला नसतो, त्यामुळे मागून थोडा वास स्वाभाविक आहे. पण वास बॉनेटखालून असेल तर इंजेक्टरच्या रिंगा बघा. डिसेंबरच्या थंडीत जुनं रबर आक्रसतं, इंजिन तापलं की फुलून सांधा बंद होतो.

लांब फेरी मारून उभी केल्यावर दहा-वीस मिनिटांनी. इंजिन बंद झालं की पाणी आणि हवा फिरणं थांबतं आणि बॉनेटखालची उष्णता काही वेळ वाढतच जाते. बारीक पाझर तेव्हा वाफ होऊन बाहेर पडतो. वर्धा रोडवरून उन्हात येऊन फुटाळ्याला गाडी लावली आणि चहा संपेपर्यंत वास आला, तर तो हा प्रकार.

जोराच्या वळणावर किंवा ब्रेकला. टाकीतलं पेट्रोल हिंदकळून गळक्या जागेला लागतं. डावीकडे वळताना येतो की उजवीकडे, हेही लिहा. डावीकडे वळताना पेट्रोल उजव्या बाजूला जातं.

सिग्नलला, खिडकी उघडी असताना किंवा छत उघडल्यावर. बहुतेकदा ही गळती नसून सायलेन्सरमधून येणारं न जळलेलं पेट्रोल असतं. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून टाकलेल्या गाडीत हे हमखास होतं. चालत्या गाडीच्या मागे हवेचा भोवरा तयार होतो आणि डिकीचं रबर सैल असेल तर तो धूर डिकीतून आत येतो.

ब्लोअरची परीक्षा सोपी आहे. बाहेरची हवा घेताना वास वाढतो आणि आतली फिरवताना कमी होतो, तर उगम बाहेर, काचेच्या खालच्या जाळीच्या आसपास आहे. दोन्हीत सारखाच राहतो, तर तो केबिनमध्ये किंवा डिकीत आहे.

तपासा: पोर्शे बॉक्स्टर, केमन यांसारख्या गाड्यांत हे सगळं उलटं वाचावं लागतं. इंजिन सीटच्या मागे आणि पेट्रोलची टाकी पुढे, भरायचं झाकण उजव्या पुढच्या मडगार्डवर. पुढून वास आला म्हणून इंजिन शोधत बसू नका, तिथे टाकी आहे. तुमच्या गाडीची टाकी नेमकी कुठे आहे ते मॅन्युअलमध्ये आधी पाहून घ्या.

एक फसवा प्रकारही असतो. विकण्याआधी गाडी रंगवली असेल तर थिनरचा वास आठवडे राहतो. कुणी डिकीत पेट्रोलचा कॅन सांडला असेल तर कार्पेटखालचा नमदा महिनोन्‌महिने वास सोडतो. डिकीचं कार्पेट उचलून खालचा थर वेगळा हुंगा. तोच उगम असेल तर पुढचे टप्पे लागणारच नाहीत.

## टप्पा ३: जागा, माणसं, सामान

वेळ सकाळची, ऊन चढायच्या आत. उन्हाळ्यात साडेपाच-सहाला सुरुवात करा. दुपारी सगळीकडेच वाफ असते आणि काहीच कळत नाही. जागा उघडी, सपाट. आजूबाजूला चूल, गॅसची शेगडी, अगरबत्ती, वेल्डिंग नको. एकट्याने करू नका, दुसरा माणूस हवाच.

सामान: २ किलोचा एबीसी पावडरचा अग्निशामक, पिन आणि काटा तपासलेला. बंद काचेचा एलईडी टॉर्च (वायरवरचा काचेचा बल्ब अजिबात नको, पडून फुटला की तीच ठिणगी). नायट्राइल हातमोजे, चष्मा, पांढऱ्या सुती कापडाचे तुकडे, स्वच्छ पुठ्ठा, लहान आरसा, पाच-सहा घट्ट झाकणाचे स्टीलचे डबे. गाडी उचलायची असेल तर जॅकच्या भरवशावर खाली शिरू नका, दोन्ही बाजूंना घोड्या (गाडी पेलणारे लोखंडी स्टँड) लावा.

कपडे सुती घाला. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये हवा इतकी कोरडी असते की नायलॉनच्या कपड्यांत सीटवरून उतरताना चटका बसतो. काम सुरू करण्याआधी गाडीच्या उघड्या धातूला हात लावा.

सावधान: बॅटरीची केबल काढायची असेल तर वाफ दाटलेली असताना काढू नका, केबल सुटतानाही ठिणगी पडते. आधी दारं, डिकी, बॉनेट उघडून अर्धा तास वारा लागू द्या. डिकीतला दिवा त्याच वेळी लागतो हे लक्षात ठेवा. वास उग्र असेल तर डिकी उघडायचं काम वर्कशॉपवर सोडा.

## टप्पा ४: थंड गाडी, टाकीकडून इंजिनाकडे

रात्री झोपण्यापूर्वी संशयित जागांजवळ सुती कापडाचा एकेक तुकडा ठेवा: भरायच्या नळीच्या कप्प्यात, पंपाच्या झाकणावर, कॅनिस्टरजवळ, फिल्टरला गुंडाळून, इंजेक्टरच्या रांगेवर. सकाळी प्रत्येक तुकडा वेगळ्या डब्यात घालून झाकण लावा, डब्यावर जागेचं नाव लिहा. मग डबे घरात नेऊन लांब ठेवलेल्या एका टेबलावर कुणालातरी एकेक उघडून हुंगायला सांगा. लोणच्याची बरणी वापरू नका, तिचा वास जात नाही. ही साधी युक्ती महागड्या यंत्राच्या आधी करावी, कारण गाडीत सगळीकडे पसरलेला वास ती जागांमध्ये वाटून देते. इंजेक्टरजवळचं कापड रात्री ठेवताना इंजिन पूर्ण थंड हवं आणि सकाळी ते काढल्याशिवाय इंजिन सुरू करायचं नाही.

आता डोळ्यांनी पाहा. क्रम मोडू नका, टाकीपासून सुरू करून पुढे या.

भरायचं झाकण आणि नळी. झाकणाची रबर रिंग तडकलेली, चपटी झालेली आहे का? खालच्या कप्प्यात पाणी निघून जायचं बारीक भोक असतं, ते तुंबलं तर भरताना सांडलेलं पेट्रोल तिथेच राहतं. चाकाच्या आतल्या बाजूचं प्लास्टिक काढलं की भरायची जाड नळी आणि तिच्याबरोबर जाणारी बारीक हवेची नळी दिसते. दोन्हीच्या टोकांना बोटाने हलकं वाकवून पाहा. बारीक भेगा वाकवल्याशिवाय दिसत नाहीत.

इथेच एक सवय सांगतो. पंपावर नोझल आपोआप कट झाल्यावर "राउंड फिगर करून द्या" म्हणून आणखी शंभर-दीडशेचं घालून घेतात. ते जास्तीचं पेट्रोल वाफेच्या नळीतून कॅनिस्टरमध्ये जातं. कॅनिस्टरमधला कोळसा वाफ शोषायला असतो, पेट्रोल प्यायला नाही. तो भिजला की गाडी अनेक दिवस वास मारते, कधी पेट्रोल भरल्यावर सुरू व्हायला त्रास देते. कट झाला की थांबा, रुपये सुटे असोत की नसोत.

टाकीवरचं पंपाचं झाकण. बहुतेक गाड्यांत मागच्या सीटखाली, दोन आसनी गाड्यांत सीटमागच्या पडद्याखाली. वरचा पत्रा काढला की धूळ दिसते. ती धूळच साक्षीदार आहे, म्हणून पुसू नका. कोरडी, सारखी धूळ म्हणजे ठीक. रिंगच्या कडेने धूळ काळपट चिकट झाली असेल किंवा एका बाजूला धुऊन गेल्यासारखा स्वच्छ पट्टा असेल, तर गळती तिथे आहे. मधून प्रॉपेलर शाफ्ट (इंजिनाची ताकद मागच्या चाकांना नेणारा दांडा) जाणाऱ्या अनेक गाड्यांत टाकीला दोन कप्पे आणि वर दोन झाकणं असतात. एक बघून थांबू नका. झाकण आवळून धरणाऱ्या लॉकिंग रिंगवर स्क्रू ड्रायव्हर-हातोडीचे घाव दिसले तर कुणीतरी योग्य हत्यार नसताना ती उघडली आहे, समजा.

खालचे पाइप आणि फिल्टर. फिल्टरची दोन्ही टोकं, रबर आणि धातूचा पाइप जिथे जुळतो ती प्रत्येक क्लिप. धातूच्या पाइपाला कंस धरून ठेवतात, त्या कंसाखाली गंज लपतो. उंदीर-घुशी पाइप कुरतडतात, उभ्या राहिलेल्या गाडीत तर हमखास. दातांच्या समांतर खुणा बघा, आणि शेजारच्या वायरीही.

इंजिनची बाजू. इंजेक्टरच्या मुळाशी तपकिरी-पिवळट डाग म्हणजे पेट्रोल येऊन वाळलेलं. दाब नियंत्रित करणाऱ्या रेग्युलेटरला व्हॅक्यूमची बारीक नळी असेल तर ती काढून पाहा. आत पेट्रोलचा ओलावा असेल तर आतला पडदा फाटला आहे. ऑइलची डिपस्टिक काढून हुंगा. तिला पेट्रोलचा ठसठशीत वास आणि पातळी आधीपेक्षा वर, म्हणजे एखादा इंजेक्टर गळून पेट्रोल ऑइलमध्ये उतरतंय. अशी गाडी चालवू नका.

थांबा आणि पाहा: इथपर्यंत थेंब किंवा ओलावा सापडला असेल तर टप्पा ५ आणि ६ करू नका. थेट दुरुस्तीकडे जा.

## टप्पा ५: दाब देऊन

थंड तपासणीत काही मिळालं नाही तरच. किल्ली फक्त 'ऑन' करा, इंजिन सुरू करू नका. बहुतेक गाड्यांत पंप दोन-तीन सेकंद चालून पाइपात दाब भरतो (काही नव्या गाड्यांत दार उघडतानाच). बंद करा, पुन्हा ऑन करा, असं तीन-चार वेळा. एक जण किल्लीवर, दुसरा टॉर्च घेऊन सांध्यांकडे, तोंड लांब ठेवून. ओलावा दिसताच "बंद" असा आवाज द्यायचा, आणि किल्लीवरच्याने कारण न विचारता बंद करायची.

सावधान: थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल सोडणाऱ्या इंजिनांत इंजिन चालू असताना उच्च दाबाच्या पंपानंतर १०० ते २०० बार किंवा त्याहून जास्त दाब असतो. ती धार कातडी कापून आत जाते. या भागातला एकही नट घरी सोडवू नका, आणि इंजिन चालू असताना तिथे बोट फिरवून ओलावा शोधू नका.

## टप्पा ६: गरम गाडी

वहीत 'उभी केल्यावर दहा-वीस मिनिटांनी' असं असेल तर वीस-पंचवीस मिनिटांची फेरी मारा, उघड्यावर गाडी लावा, इंजिन बंद करा, बॉनेट बंदच ठेवा. दहा मिनिटांनी बॉनेट उघडून एकदाच हुंगा आणि बाजूला व्हा. मग दुसरा माणूस. दोघांनी जागा वेगवेगळ्या कागदांवर लिहायच्या आणि नंतर जुळवायच्या. गरम सायलेन्सरच्या आसपास कापड ठेवायचं नाही.

## टप्पा ७: स्कॅनर आणि धूर

स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोषांचे कोड वाचणारं यंत्र) लावा, पण त्यावर विसंबू नका. पी०४४२ म्हणजे वाफेच्या यंत्रणेत लहान गळती, पी०४५५ मोठी गळती, पी०१७२ म्हणजे मिश्रणात पेट्रोल जास्त. कोड नाही म्हणून गळती नाही असं होत नाही. द्रव पेट्रोल बाहेर ठिबकत असताना एकही कोड न दिसणं अगदी शक्य आहे. लाइव्ह डेटामध्ये लाँग टर्म फ्युएल ट्रिम पाहा, म्हणजे कॉम्प्युटर पेट्रोल किती टक्के वाढवतो किंवा कमी करतो तो आकडा. उणे दहाच्याही खाली सतत राहिला तर इंजिनाला कुठून तरी फुकटचं पेट्रोल मिळतंय: गळका इंजेक्टर, फाटका रेग्युलेटर किंवा उघडाच अडकलेला पर्ज व्हॉल्व्ह (कॅनिस्टरमधली वाफ इंजिनात सोडणारा). हा व्हॉल्व्ह वीज नसताना बंद असायला हवा. काढून फुंकला आणि हवा आरपार गेली तर तो खराब.

वाफेच्या नळ्यांतली गळती धुराच्या यंत्राने सर्वात लवकर सापडते. ते वर्कशॉपमध्येच करा, अगदी कमी दाबाने. जास्त दाब दिला तर चांगल्या नळ्याही सुटतात.

मिस्त्रीकडे जाताना वही बरोबर न्या. कामठी रोडवरच्या ज्या मिस्त्रींनी माझी गाडी शेवटी बरी केली त्यांनी गाडी पाहण्याआधी विचारलं होतं, "भाऊ, वास कुठून येते ते मी पाहतो. कधी येते ते तुमी सांगा." त्या दिवशी माझ्याकडे उत्तर होतं, म्हणून अर्ध्या तासात सीटमागचा पत्रा निघाला. "पेट्रोलचा वास येतो, बघून घ्या" एवढंच सांगून किल्ली देऊ नका. कोणता भाग बदलला ते जुना भाग पाहून घ्या.

## टप्पा ८: दुरुस्ती

दाब आधी उतरवा: पंपाचा फ्यूज काढा, इंजिन सुरू करून आपोआप बंद पडू द्या, मग बॅटरीची निगेटिव्ह केबल काढा. हे फक्त गळती थेंबाची नसेल तेव्हा. थेंब पडत असतील तर इंजिन सुरू करायचंच नाही. दाब वर्कशॉपला उतरवू द्या. सांधा उघडताना कापड गुंडाळा, उरलेलं पेट्रोल येतंच. ते पाण्याच्या बाटलीत भरू नका, धातूचा कॅन घ्या.

पाइप बदलताना पाइपवर छापलेलं वाचा. इंजेक्शनच्या गाडीला एसएई जे३० आर९ दर्जाचा पाइप लागतो. आर७ हा कमी दाबासाठी आहे, दिसायला तसाच आणि स्वस्त, म्हणून दुकानदार तोच पुढे करतो. टाकीच्या आत, पेट्रोलमध्ये बुडून राहणाऱ्या तुकड्याला आर१० लागतो, कारण आर९ चं बाहेरचं आवरण पेट्रोलमध्ये बुडून राहायला बनलेलं नसतं. क्लिप गोल कडेची, गुळगुळीत पट्टीची घ्या. भोकं पाडलेल्या पट्टीची साधी क्लिप आवळली की रबर कापते.

रिंग प्रत्येक वेळी नवी. इंजेक्टरच्या रिंगेला स्वच्छ इंजिन ऑइलचं बोट लावून सरळ दाबा, फिरवून कोंबू नका. पंपाच्या झाकणाची रिंग काही कंपन्या कोरडीच बसवायला सांगतात, मॅन्युअल पाहा. बसवल्यावर झाकणावरची खूण टाकीवरच्या खुणेशी जुळली पाहिजे. नाही जुळली तर रिंग चिमटली असण्याची शक्यता मोठी.

गळतीवर सिलिकॉन किंवा इपॉक्सी पुट्टी थापू नका. साधं सिलिकॉन पेट्रोलमध्ये फुगून सुटतं, त्याचे तुकडे टाकीत पडून पंपाच्या जाळीत अडकतात. आणि एकाच दिवशी चार भाग बदलू नका. एक बदला, वास पाहा, वहीत लिहा, मग दुसरा. नाहीतर नेमकं काय बिघडलं होतं ते कधीच कळणार नाही आणि तोच दोष पुन्हा आला तर सगळं पहिल्यापासून.

## टप्पा ९: खात्री

केबल जोडण्याआधी सांडलेलं पेट्रोल पूर्ण सुकू द्या. किल्ली ऑन-बंद तीन-चार वेळा, सगळे सांधे कोरडे. मग इंजिन पाच मिनिटं जागेवर चालवा, पुन्हा पाहा. कार्पेटखालचा नमदा भिजला असेल तर काढून दोन-तीन दिवस उघड्यावर वाळवा, तरी वास राहिला तर टाकून द्या. मुरलेल्या नमद्यामुळे दुरुस्ती झालेली गाडीही गळकी वाटते.

पहिला आठवडा टाकी अर्धी ठेवा आणि वही चालू ठेवा. रात्री तेच सुती तुकडे, तेच डबे. सगळे स्वच्छ निघाले की टाकी फुल करा, कट होईपर्यंतच, आणि त्याच रात्री पुन्हा तुकडे ठेवा. माझी गाडी अर्ध्या टाकीवर सहा दिवस निर्दोष होती. सातव्या दिवशी फुल केली, पंपाच्या झाकणावरचा तुकडा सकाळी डब्यातून काढून आईला दिला, तिने हुंगला आणि म्हणाली, "नुसता कापडाचा वास येते रे." त्यानंतर मी सीटमागचा पत्रा बंद केला.